कोणता बावडा, किती वाजता, कुणी पाहिलं?

पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी हा कोल्हापुरात पोरासोरांना पाठ असलेला आकडा. 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. त्या आकड्यावरून सहसा वाद होत नाही, कारण मोजायची जागा ठरलेली, एकक ठरलेलं आणि वेळ सोबत लिहिलेली. घोळ होतो तो माणसांनी कळवलेल्या मजकुरात. समजा, पुराच्या दिवशी नियंत्रण कक्षात निरोप येतो: "बावड्याजवळ रस्त्यावर पाणी आलंय, पन्नासेक माणसं अडकलीत, बोट लवकर पाठवा."

बावडा म्हणजे शहराला लागून असलेला कसबा बावडा, की पन्नासहून जास्त किलोमीटरवरचा गगनबावडा? पाणी आत्ता आलं की मध्यरात्रीच? पन्नास माणसं मोजली, अंदाजाने सांगितली की कुणाकडून ऐकली? ऐकणारा इथलाच असेल तर निम्म्या गोष्टी तो मनातल्या मनात भरून घेतो. पण 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं तेव्हा इथे एनडीआरएफ, लष्कर आणि नौदलाच्या तुकड्या उतरल्या होत्या. शिरोली पुलाची, शिरोली दुमाला आणि शिरोळ ही तीन वेगळी ठिकाणं आहेत, हे बाहेरून आलेल्या जवानाने कुठून ओळखावं? संगणकाने तर नाहीच.

रणांगणावर हा प्रश्न रोजचा असतो, आणि तिथे चुकीच्या जागी बोटीऐवजी तोफगोळा जातो. म्हणून लष्करी आदेश-नियंत्रण व्यवस्थेत दोन गोष्टी हातात हात घालून वाढल्या. एक, नियंत्रित भाषा: मोजके शब्द, प्रत्येक शब्दाला एकच अर्थ आणि वाक्यात काय असलंच पाहिजे याचे पक्के नियम. दुसरी, माहितीचं स्वयंचलित एकत्रीकरण: अनेक अहवाल जुळवून संगणकाने एकच चित्र उभं करणं. दुसरीचा गाजावाजा जास्त होतो. आमच्या मते खरं काम पहिलीत आहे.

नियंत्रित भाषा ही केवळ लष्कराची चीज नाही. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं धडकून 583 माणसं गेली. एका विमानातून आलेलं 'आम्ही आता टेकऑफवर आहोत' अशा अर्थाचं वाक्य नियंत्रकाने 'टेकऑफच्या जागी थांबलो आहोत' असं घेतलं. विमान प्रत्यक्षात धावू लागलं होतं. त्यानंतर नियम झाला की 'टेकऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करताना वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. जहाजांसाठीही आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये ठरावीक वाक्प्रयोग मंजूर केले. मात्र या दोन्ही भाषा माणसाने माणसाशी बोलायच्या आहेत.

यंत्रालाही कळेल अशा लष्करी भाषेला बॅटल मॅनेजमेंट लँग्वेज म्हणतात, थोडक्यात बीएमएल. तिचा जन्म जरा गमतीशीर गरजेतून झाला. युद्धसरावात लढाई संगणकात चालते, पण कमांडरचा आदेश साध्या इंग्रजीत असतो. तो वाचून संगणकात पुन्हा टाइप करायला माणसांची फौज बसवावी लागे. 2000 नंतर अमेरिकी लष्कराने आदेश थेट यंत्राला वाचता येईल अशी भाषा बांधायला घेतली. 2006 ते 2010 या काळात नाटोच्या एमएसजी-048 या गटाने ती वेगवेगळ्या देशांच्या प्रणालींवर तपासली. 2014 मध्ये सी-बीएमएल हे मानक आलं आणि 2020 मध्ये त्याची जागा घेणारं सी-टू-सिम. व्याकरणाची बाजू जर्मनीतल्या फ्राउनहोफर एफकेआयई संस्थेचे उलरिश शाडे आणि अमेरिकेतले मायकेल हीब यांनी बांधली.

त्या व्याकरणात आदेशाचं वाक्य क्रियापदापासून सुरू होतं आणि रकाने ठरलेल्या क्रमाने येतात: क्रिया, आदेश देणारा, पार पाडणारा, कशावर, कुठे, कधी सुरू, कधी संपवायचं, कशासाठी, आणि शेवटी खूण, म्हणजे त्या वाक्याचा एकमेव क्रमांक. शाळेत कर्ता, कर्म, संप्रदान, अधिकरण घोकलेल्यांना हा सांगाडा ओळखीचा वाटेल. मेख अशी की कुठले रकाने भरलेच पाहिजेत हे क्रियापद ठरवतं. 'आगेकूच' म्हटलं की मार्ग हवा, 'हल्ला' म्हटलं की लक्ष्य, 'बचाव' म्हटलं की ठिकाण. रकाना रिकामा राहिला तर वाक्य पाठवलंच जात नाही. म्हणजे 'कुठल्या रस्त्याने?' हा प्रश्न पाठवणाऱ्याच्याच पडद्यावर उभा राहतो, उत्तर त्याच्याजवळ असतानाच. तीन तासांनी वायरलेसवर खरखरीत विचारण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

25 ऑक्टोबर 1854 ला, क्रिमियाच्या युद्धात, बालाक्लाव्हा इथे ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅगलनने पाठवलेल्या चिठ्ठीचा मथितार्थ असा होता की पुढे जा आणि शत्रूला तोफा नेऊ देऊ नका. रॅगलन उंचावर होता. त्याला टेकडीवरच्या, शत्रूने बळकावलेल्या तोफा दिसत होत्या. खाली दरीत असलेल्या घोडदळप्रमुख लॉर्ड लुकनला त्या दिसत नव्हत्या. घोडदळ दरीच्या टोकाच्या रशियन तोफांवर चालून गेलं. चिठ्ठीत क्रिया होती, उद्देशही होता. 'कशावर' या रकान्यात मात्र नुसतं 'तोफा' होतं, कुठल्या ते नव्हतं. बीएमएलमध्ये तिथे आधीच्या एखाद्या अहवालाची खूण लिहिता येते, ज्यात त्या तोफांची जागा नोंदलेली असते.

खुणेचा आणखी एक उपयोग आहे. 'कशासाठी' या रकान्यात दुसऱ्या आदेशाची खूण टाकता येते: पूल ताब्यात घ्यायचा, कारण आदेश क्रमांक 12 ची आगेकूच त्यावरून व्हायची आहे. उद्या 12 रद्द झाला तर त्याच्यावर टेकलेले सगळे आदेश संगणक काढून दाखवतो.

आता आपला निरोप याच साच्यात बसवून पाहू.

अहवाल, प्रकार: घटना
क्रिया: अडकणे
कोण: नागरिक, किमान 45, कमाल 60
कुठे: कसबा बावडा, अमुक रस्ता, ग्रिड सहा अंकी
कधी: 06:40 ला पाहिलं, अजून चालू
खात्री: प्रत्यक्षदर्शी, बी-2
खूण: 217

कागदावर हे सोपं दिसतं, पण जवळजवळ प्रत्येक ओळीत खड्डा आहे. 'पन्नासेक'चा एकच आकडा करायचा नाही, किमान-कमाल लिहायचं. नाहीतर पुढचं यंत्र 50 आणि 52 हे दोन वेगळे गट समजतं. ठिकाणाला नाव आणि ग्रिड, म्हणजे नकाशावरच्या चौकोनाचा क्रमांक, दोन्ही हवं, म्हणजे एकाने दुसऱ्याची पडताळणी होते. नाटोच्या लष्करी ग्रिडमध्ये कोल्हापूर 43-क्यू या पट्ट्यात येतं. त्यापुढे चार आकडे दिले तर चौकोन एक किलोमीटरचा, सहा दिले तर शंभर मीटरचा, आठ दिले तर दहा मीटरचा. ज्याने लांबून पाहिलं त्याने आठ आकडे देणं म्हणजे खोटी अचूकता, आणि यंत्र ती खरी मानून बसतं.

वेळेचं तर विचारूच नका. लष्करी वेळ बहुधा झुलू, म्हणजे ग्रिनिचची. इथले सकाळचे 06:40 म्हणजे तिथले 01:10. इथे 8 तारखेच्या पहाटेचे दोन वाजतात तेव्हा झुलूत अजून 7 तारीख असते, म्हणून साडेपाच तासांसोबत तारखेचीही चूक होते. 'परवा' तर यादीतूनच बाद, कारण तो मागचाही असतो आणि पुढचाही. शिवाय वेळ एक नसते, तीन असतात: घटना घडली ती, कुणी पाहिली ती आणि कळवली ती. वायरलेसवर गर्दी झाली की जुना अहवाल नव्याच्या नंतर पोचतो. यंत्राने पोचण्याच्या वेळेनुसार क्रम लावला तर शिळी माहिती ताजी होऊन वर बसते.

खात्रीचा 'बी-2' ही नाटोची पद्धत. ए ते एफ हे अक्षर सांगणाऱ्याचं, 1 ते 6 हा आकडा मजकुराचा. ए म्हणजे पूर्ण भरवशाचा स्रोत, ई म्हणजे भरवसा नसलेला. 1 म्हणजे दुसऱ्या स्रोतांनी पुष्टी झालेली बातमी, 5 म्हणजे असंभव वाटणारी. एफ आणि 6 यांचा अर्थ मात्र 'सर्वांत वाईट' असा नाही, तर 'ठरवता येत नाही' असा आहे. प्रोग्रॅमर हमखास ए ते एफला 6 ते 1 गुण देऊन मोकळा होतो आणि पहिल्यांदाच बोलणारा प्रामाणिक माणूस नामचीन थापाड्याच्याही खाली जातो.

एवढं झालं की एकत्रीकरण सुरू. पहिला प्रश्न: दोन अहवाल एकाच गोष्टीचे आहेत का? 06:40 ला एका जागी रणगाडे दिसले, 07:00 ला सहा किलोमीटरवर तेवढेच दिसले. ताशी 40 किलोमीटर वेग धरला तर 20 मिनिटांत ते 13 किलोमीटर जाऊ शकतात, म्हणजे तेच असू शकतात. मध्ये नदी असेल आणि पूल पडलेला असेल तर नाहीत. अडकलेली माणसं बोट येईपर्यंत हलत नाहीत, बोट मात्र हलते. म्हणून हा हिशेब वस्तूच्या जातीनुसार वेगळा ठेवावा लागतो.

दुसरा प्रश्न: हे तुकडे मिळून मोठं काही होतं का? सोव्हिएत पद्धतीच्या रणगाडा रेजिमेंटमध्ये एका कंपनीत 10 रणगाडे असत: तीन-तीनच्या तीन प्लाटून आणि कंपनी कमांडरचा एक. जवळजवळ आणि एकाच दिशेने जाणारे तीन-तीनचे तीन गट कळले तर यंत्र 'कंपनी' असा अंदाज मांडू शकतं. मांडू शकतं, ठरवू शकत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत दगा देणारा. अडकलेल्या माणसांची बातमी गावच्या पोलीस पाटलाने दिली. तलाठ्याने ती पाटलाकडून ऐकून तहसीलला आणि थेट जिल्ह्यालाही कळवली, तहसीलमधून ती जिल्ह्याला गेली, आणि पाटलाने जिल्ह्याला स्वतःही फोन केला. कक्षात तीन अहवाल, डोळे एकाच माणसाचे. गणित बघा. सुरुवातीला शक्यता निम्मी-निम्मी धरली आणि प्रत्येक अहवाल 70 टक्के भरवशाचा. तिघं खरोखर स्वतंत्र असतील तर बेझच्या नियमाने, म्हणजे नव्या पुराव्यानुसार शक्यता सुधारण्याच्या सूत्राने, खात्री आधी 84 आणि मग जवळपास 93 टक्क्यांवर जाते. पण मूळ एकच असेल तर ती 70 वरच राहायला हवी. वरचे 23 टक्के निव्वळ प्रतिध्वनीचे. अफवाही अशाच पक्क्या होतात, फॉरवर्ड करणारे वाढत जातात आणि पाहणारा एकच राहतो.

उपाय गणितात कमी आणि भाषेत जास्त आहे. प्रत्येक अहवालात मूळ पाहणाऱ्याची खूण ठेवायची. एकत्र करून बनवलेल्या अहवालात तो कोणत्या खुणांपासून बनला ते लिहायचं. आणि जोडण्याआधी दोघांचा पूर्वज सामाईक आहे का ते तपासायचं. मूळ कळतच नसेल तर बेरीज न करता सर्वांत भरवशाचा एकच अहवाल घ्यायचा. परस्परसंबंध माहीत नसलेल्या मोजमापांसाठी अशीच सावध पद्धत सायमन ज्युलियर आणि जेफ्री उलमन यांनी 1997 मध्ये मांडली.

अहवाल एकमेकांच्या विरोधात असले तर? लोत्फी झादे यांचं उदाहरण या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. एक डॉक्टर म्हणतो 99 टक्के मेनिंजायटिस, 1 टक्का मेंदूत गाठ. दुसरा म्हणतो 99 टक्के डोक्याला मार, 1 टक्का गाठ. पुरावे एकत्र करण्याचा डेम्पस्टरचा नियम जसाच्या तसा लावला तर उत्तर येतं: 100 टक्के गाठ. दोघांनाही जे जवळजवळ अशक्य वाटतं तेच पक्कं ठरतं, कारण नियम विरोध गाळून उरलेल्याला शंभर करतो. म्हणून विरोध ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की यंत्राने जोडणी थांबवून दोन्ही अहवाल माणसापुढे ठेवावेत. ही मर्यादा शून्य पॉइंट किती ठेवायची, यावर तज्ज्ञ तासन्‌तास भांडू शकतात.

या भाषेत न मावणारं बरंच आहे. कमांडरचा हेतू, म्हणजे 'सगळं बिनसलं तरी निदान एवढं साधा', हा रकान्यात कोंबला की चपटा होतो. 'काही दिसलं नाही' आणि 'पाहिलंच नाही' यातला फरक साच्यात मुद्दाम ठेवावा लागतो, नाहीतर गप्प बसलेली चौकी सुरक्षित भाग म्हणून नकाशावर हिरवी होते. आणि गोळीबारात कुणी रकाने भरत बसत नाही. म्हणून पाठवणाऱ्याला व्याकरण दिसूच नये अशी सोय करतात: क्रिया निवडली की लागणारे रकाने उघडतात, ठिकाण नकाशावर बोट ठेवून येतं, वेळ आणि पाठवणारा आपोआप भरले जातात.

आता बोललेलं वाक्य भाषा-मॉडेलकडून या साच्यात भरून घेण्याचे प्रयोग चालू आहेत. पटकन होतं, पण मॉडेलला रिकामा रकाना सहन होत नाही. "बावड्याजवळ" ऐकून ते बेधडक एखादा बावडा निवडेल आणि सहा अंकी ग्रिडही देईल. त्याला नियम एकच घालायचा: जे बोललं गेलं नाही तो रकाना कोरा ठेव आणि बोलणाऱ्याला परत विचार.