सॉफ्टवेअर दोषामुळे होणारे वाहन रिकॉल

वाहनातील सॉफ्टवेअरच्या चुकीमुळे सुरक्षेला धोका असल्याचे आढळल्यावर उत्पादकाने मालकांना कळवून ती चूक विनामूल्य दुरुस्त करून देणे, म्हणजे सॉफ्टवेअर रिकॉल. ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, बॅटरी यांचा कारभार आज ईसीयू या छोट्या संगणकांकडे असतो आणि एका गाडीत असे अनेक ईसीयू असतात.

झिजलेला भाग बहुधा आवाजाने किंवा गळतीने चाहूल देतो. सॉफ्टवेअरचे तसे नाही. २०१६ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे ४३ लाख गाड्या रिकॉल केल्या. त्यांतील एअरबॅग नियंत्रक क्वचित प्रसंगी चाचणीच्या स्थितीत जाई, आणि तेव्हा टक्कर झाली तर पुढच्या एअरबॅग उघडण्याची खात्री नसे. रोजच्या चालवण्यात हे कळणार कसे? म्हणून ‘गाडी तर नीट चालते’ असे म्हणत रिकॉल पुढे ढकलणे धोक्याचे आहे.

अमेरिकेत या व्यवस्थेचा पाया १९६६ च्या वाहनसुरक्षा कायद्याने घातला. सुरक्षेशी संबंधित दोष निश्चित झाल्यापासून ५ कामकाजाच्या दिवसांत उत्पादकाने महामार्ग सुरक्षा प्रशासनाला कळवायचे असते आणि त्यानंतर ६० दिवसांत मालकांना पत्र जाते. पहिल्या विक्रीनंतर १५ वर्षांपर्यंत दुरुस्ती मोफत मिळते. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेली, पत्ता बदलला, की पत्र भलतीकडेच पोहोचते. त्यामुळे व्हीआयएन, म्हणजे गाडीचा १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, सरकारी किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून स्वतः तपासणे चांगले; जुनी गाडी घेताना तर आवर्जून.

दुरुस्तीत बहुधा एकही भाग बदलत नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या निदान-पोर्टला उपकरण जोडून ईसीयूमध्ये नवे सॉफ्टवेअर भरतात. याला फ्लॅशिंग म्हणतात. मधेच व्होल्टेज पडले तर ईसीयू निकामी होऊ शकतो, म्हणून बॅटरीला बाहेरून वीजपुरवठा जोडून ठेवतात. शेवटी नवी आवृत्ती खरोखर बसली का ते तपासतात आणि काही गाड्यांत सेन्सर पुन्हा जुळवावे लागतात. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक या संशोधकांनी दुरून एका जीप चेरोकीचा ताबा घेऊन दाखवला. त्यानंतर फियाट क्रायस्लरने सुमारे १४ लाख गाड्या रिकॉल केल्या आणि मालकांना अपडेट असलेले यूएसबी ड्राइव्ह टपालाने पाठवले.

आता अनेक अपडेट इंटरनेटवरून थेट गाडीत येतात. डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने ऑटोपायलट या चालकाला साहाय्य करणाऱ्या प्रणालीसंबंधी २० लाखांहून अधिक गाड्यांचे रिकॉल याच मार्गाने केले. सोय मोठी आहे, पण अपडेट आल्याची सूचना दिसली म्हणजे ते बसले असे नव्हे. बहुधा गाडी उभी असावी लागते, पुरेसे चार्जिंग लागते, आणि कित्येकदा मालकाची संमतीही.

अपडेट बसले तरी दोष पुरता गेला याची हमी नसते. टोयोटाने २०१४ मध्ये हायब्रिड प्रणालीतील सॉफ्टवेअरसाठी सुमारे १९ लाख प्रियस गाड्या बोलावल्या. २०१८ मध्ये सुमारे २४ लाख हायब्रिड गाड्यांचे नवे रिकॉल निघाले, कारण आधीच्या दुरुस्तीत विचारात न घेतलेल्या एका परिस्थितीत गाडी सुरक्षित स्थितीत न जाता बंद पडू शकत होती. टेस्लाचा उपाय पुरेसा आहे का, याची चौकशी अमेरिकी प्रशासनाने एप्रिल २०२४ मध्ये सुरू केली. एकदा दुरुस्त झालेल्या गाडीचा व्हीआयएनही त्यामुळे अधूनमधून तपासत राहावा लागतो.