टीबीएम ऑपरेटरचे प्रशिक्षण : मशीन थांबवायचे कोणी?

२२ फेब्रुवारी २०२५ च्या सकाळी तेलंगणात श्रीशैलम डाव्या कालव्याच्या भुयारात, मुखापासून जवळपास १४ किलोमीटर आत, टीबीएमजवळचे (भुयार खोदणाऱ्या यंत्राजवळचे) छत कोसळले. पाण्याचा आणि चिखलाचा लोंढा आत घुसला, आठ जण अडकले. ९ मार्चला पहिला मृतदेह हाती लागला, तो मशीनच्या ऑपरेटरचा होता. त्या दिवसांत खडकाबद्दल, झिरपणाऱ्या पाण्याबद्दल, शोधासाठी आणलेल्या कुत्र्यांबद्दल आणि रोबोंबद्दल भरपूर छापून आले. मशीनवर बसणारी माणसे हे काम शिकतात कुठे, त्यांना शिकवले काय जाते आणि धोका जाणवला तर मशीन थांबवण्याचा अधिकार त्यांच्या हातात असतो का, हे प्रश्न मात्र बाजूलाच राहिले. देशात मेट्रोची आणि रस्त्यांची इतकी भुयारे एकाच वेळी चालू असताना ते बाजूला राहणे परवडणारे नाही.

जुना इतिहास थोडक्यात सांगता येतो. लंडनला थेम्स नदीखाली १८२५ मध्ये पहिली ढाल, म्हणजे खोदणाऱ्यांना आडोसा देणारा लोखंडी सांगाडा, उतरली, तेव्हा तिच्या ३६ खणांत उभे राहून माणसे हाताने माती काढत होती. समोरची जमीन बिघडते आहे हे त्यांना डोळ्यांनी दिसे, हाताला कळे. तरीही १८२८ च्या पुरात सहा जण गेले आणि काम पुरे व्हायला १८४३ उजाडले. पुढे पाणी थोपवण्यासाठी भुयारात दाबाखालची हवा भरू लागले आणि कामगार नव्याच आजाराने मरू लागले. १८९० च्या सुमारास न्यूयॉर्कला हडसन नदीखालच्या कामावर मेडिकल लॉक बसवले, म्हणजे आजारी कामगाराला पुन्हा दाबाखाली घेऊन सावकाश बाहेर आणण्याची कोठडी. मृत्यू झपाट्याने कमी झाले. भुयारातल्या सुरक्षेचे बहुतेक नियम असेच, आधी माणसे गेल्यावर आले आहेत.

खरा बदल १९७० च्या दशकात झाला. ब्रिटन, जर्मनी आणि जपानमध्ये बंद तोंडाची मशीन आली. समोरच्या जमिनीला मशीनच्या तोंडामागच्या चेंबरमधल्या मातीच्या किंवा स्लरीच्या (पातळ चिखलाच्या) दाबाने धरून ठेवायचे आणि माणसाने मागे केबिनमध्ये बसायचे. जीव वाचले, हे निर्विवाद. पण जमीन दिसेनाशी झाली. खोदणाऱ्याकडे उरले ते पडद्यावरचे आकडे, आणि ऑपरेटरच्या प्रशिक्षणाचा प्रश्न उभा राहिला तो तिथून.

केबिनमध्ये हे कसे असते ते एका रिंगेच्या, म्हणजे भुयाराला आतून बसवायच्या काँक्रीटच्या एका कड्याच्या, हिशेबातून कळते. मेट्रोसाठी ६.६ मीटर व्यासाचे मशीन १.४ मीटर पुढे सरकले की जमिनीतली सुमारे ४८ घनमीटर माती आत यायला हवी. मोकळी झाल्यावर ती फुगते, म्हणून घनमीटरवर विसंबता येत नाही. माती वाहून नेणाऱ्या पट्ट्यावरच्या काट्याचे वजनही पाहावे लागते. एका रिंगेत ४८ ऐवजी ५३ घनमीटर निघाली, तर वरची पाच घनमीटर माती कुठून तरी आली, म्हणजेच कटरहेडच्या (मशीनच्या तोंडाशी फिरणाऱ्या चकतीच्या) वर कुठे तरी पोकळी झाली. त्याच वेळी चेंबरमधून माती बाहेर काढणाऱ्या स्क्रू कन्व्हेयरचा वेग, चेंबरच्या वरच्या आणि खालच्या सेन्सरवरचा दाब, टॉर्क, जॅकचा रेटा, फोमचे प्रमाण, मशीनच्या शेपटीच्या ब्रशांमधले ग्रीस, रिंगेमागच्या फटीत भरायचे ग्राउट (पातळ मसाला) हे सगळे त्याच माणसाच्या नजरेसमोर चालू असते. स्क्रू जरा जास्त फिरला की चेंबरमधला दाब उतरतो. दाब उतरलेला पडद्यावर दिसतो, पण त्याने वर काय झाले ते दिसत नाही.

पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराने याची किंमत मोजली. तिथल्या मेट्रोचे ८.७ मीटर व्यासाचे मशीन ग्रॅनाइटमधून जात होते. हा ग्रॅनाइट कुठे घणासारखा टणक, तर दोन पावलांवर कुजून वाळू झालेला. टणक खडकात चेंबर अर्धवट रिकामे ठेवून मशीन पळवता येते. कटर कमी झिजतात, रिंगा जास्त होतात. कुजलेल्या भागात तसेच चालवल्यावर जादा माती आत आली. १२ जानेवारी २००१ ला वरचे घर खचले आणि त्यात एक जण दगावला. मशीन त्या घराखालून काही आठवडे आधीच पुढे निघून गेले होते. शिकणाऱ्याच्या मनावर ठसवण्याजोगी गोष्ट तीच : या कामात चूक झाली तरी ती त्या शिफ्टमध्ये दिसेलच असे नाही. त्यानंतर काम कित्येक महिने थांबले. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा चेंबर कायम भरलेले ठेवायचे ठरले, दाब उतरू लागताच आपोआप बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी बारीक माती) सोडणारी यंत्रणा बसली आणि आकडे रोज तपासणारा वेगळा गट नेमला गेला.

दोनच वर्षांनी, फेब्रुवारी २००३ मध्ये, पूर्व लंडनमध्ये रेल्वेच्या भुयाराच्या वर काही घरांमागच्या बागा खचल्या. नकाशावर नसलेल्या जुन्या विहिरी खाली होत्या. कोणी दगावले नाही, पण विमा कंपन्यांचा धीर त्याआधीच सुटला होता. भुयारकामाला विमाच देणार नाही, अशी भाषा २००१ पासून सुरू होती. त्यातून २००३ मध्ये ब्रिटनमध्ये जोखीम हाताळण्याची संहिता आली, २००६ मध्ये तिची आंतरराष्ट्रीय आवृत्ती निघाली, आणि बंद तोंडाच्या मशीनवर २००५ मध्ये एक स्वतंत्र मार्गदर्शिका आली. ऑपरेटर आणि शिफ्ट इंजिनिअर शिकलेले असावेत, त्यांना लेखी सूचना मिळाव्यात, हे कंत्राटाच्या भाषेत आले ते या काळात. कामगार कायद्यांना जे जमले नव्हते ते विम्याच्या धाकाने झाले.

इथे एक वाद उभा राहिला आणि तो आजही मिटलेला नाही. ऑपरेटरने किती ठरवायचे? एका बाजूचे म्हणणे असे की प्रत्येक टप्प्यासाठी दाबाची वरची आणि खालची मर्यादा डिझाइनवाल्यांनी ठरवावी, कागदावर सही करून केबिनमध्ये लावावी आणि ऑपरेटरने तिच्या आत राहावे. बदल हवा असेल तर इंजिनिअरला विचारावे. चाळीस मीटर खाली बसलेल्या माणसाला वरच्या इमारतीचा पाया, जुनी विहीर किंवा भूजलाची पातळी कशी ठाऊक असणार? दुसऱ्या बाजूचे म्हणणे : मर्यादा ठरवा, पण धोक्याची पहिली चाहूल केबिनमध्येच लागते. टॉर्क अचानक हलका होतो, मकमध्ये, म्हणजे बाहेर येणाऱ्या मातीत, न शोभणारी वाळू येते, स्क्रूच्या तोंडातून पाणी थुंकते. फोन लावून परवानगी येईपर्यंत पाच-सात मिनिटे जातात, आणि या कामात पाच-सात मिनिटे पुष्कळ असतात.

मला दुसरे म्हणणे पटते, पण त्याला एक अट जोडूनच. थांबणे म्हणजे नुसते बटण दाबणे नाही. वाळूत चेंबर अर्धे रिकामे ठेवून मशीन थांबवले तर दाब हळूहळू पडत जातो आणि थांबण्यानेच जमीन खचते. चिकट मातीत कटरहेड जाम होते. हिमालयात दाबून येणाऱ्या खडकात थांबलेल्या मशीनची ढालच आवळली जाते. तपोवनच्या जलविद्युत प्रकल्पात २००९ मध्ये पाण्याचा साठा फुटून मशीन अडकले, ते सहजी सुटले नाही. म्हणून थांबण्याआधी चेंबर भरायचे, बेंटोनाइट सोडायचे, दाब धरून ठेवायचा, शेपटीचे ग्रीस चालू ठेवायचे आणि मग कोणाला कळवायचे, हा क्रम अंगवळणी पडला पाहिजे. अधिकार कागदावर द्यायचा आणि हा क्रम शिकवायचा नाही, हे ऑपरेटरवर अन्याय करणारे आहे. चेंबर अर्धवट रिकामे ठेवून मशीन पळवायचे की भरून न्यायचे, हा निर्णय तर दर रिंगेला मिळणाऱ्या बक्षिसाशी बांधलाच जाऊ नये. असे बक्षीस भुयारकामात जुने आहे, आणि पोर्तोसारख्या जमिनीत ते घातक ठरू शकते.

प्रशिक्षणाच्या वेगळ्या संस्था त्यानंतर निघाल्या. लंडनच्या पूर्व-पश्चिम रेल्वेसाठी आठ मशीनने ४२ किलोमीटर भुयार खोदायचे होते, तेव्हा २०११ मध्ये इलफर्डला खास अकादमी उघडली आणि भुयारात उतरणाऱ्या प्रत्येकाला सुरक्षा कार्ड सक्तीचे झाले. क्वालालंपूरलाही त्याच सुमारास टीबीएमसाठी अकादमी सुरू झाली. सिम्युलेटर आले. त्यांच्यावर आग, पाण्याचा लोंढा, वीज जाणे यांची रंगीत तालीम होते, जी खऱ्या मशीनवर करता येत नाही. सिम्युलेटरवर शंभर तास काढलेला माणूस थेट केबिनला बसवावा असे मात्र कोणीही जाणता माणूस म्हणत नाही.

आपल्याकडे कोलकात्याच्या पहिल्या मेट्रोचा बहुतेक भाग वरून खणून झाला. बेलगाछिया ते श्यामबाजार या छोट्या टप्प्यातच हवेच्या दाबाखाली ढाल चालली. दिल्लीत पहिल्या टप्प्याची भूमिगत मार्गिका २००४-०५ मध्ये सुरू झाली, तेव्हा मशीन बाहेरून आले, चालवणारेही बहुतांशी बाहेरून आले आणि आपली पोरे शेजारी उभी राहून शिकली. ही पद्धत रूढ झाली ती आजवर. माणूस आधी लोकोवर (भुयारातल्या छोट्या इंजिनावर) किंवा ग्राउट पंपावर लागतो, मग इरेक्टरवर सेगमेंट, म्हणजे रिंगेचे तुकडे, बसवू लागतो आणि हात बसला की केबिनमध्ये येतो. मशीन बनवणाऱ्यांचे लोक सुरुवातीचे काहीशे मीटर सोबत असतात, मग निघून जातात. यातून तयार झालेले कितीतरी ऑपरेटर अव्वल आहेत. पण त्यांनी काय शिकले याची नोंद नाही, आणि एका कंत्राटात शिकलेले दुसरीकडे पुन्हा सिद्ध करावे लागते.

मुंबईत या पद्धतीची खरी परीक्षा झाली. मेट्रो ३ च्या ३३.५ किलोमीटरसाठी १७ मशीन उतरली. २०१७ मध्ये माहीमच्या नयानगर शाफ्टपासून (मशीन उतरवण्याच्या उभ्या खड्ड्यापासून) सुरुवात झाली. सप्टेंबर २०१८ मध्ये पहिला ब्रेकथ्रू, म्हणजे मशीन पलीकडे बाहेर पडणे, आणि ३० नोव्हेंबर २०२२ ला बेचाळिसावा, शेवटचा. मशीनना वैतरणा, गोदावरी, कृष्णा, तानसा अशी नद्यांची नावे होती. प्रत्येक मशीनला दोन शिफ्टचे दोन आणि एक राखीव ऑपरेटर धरला तरी पन्नासच्या वर माणसे एकाच शहरात एकाच वेळी लागत होती, तीही वेगवेगळ्या कारखान्यांची, वेगवेगळे पडदे असलेली मशीन चालवणारी. खाली बेसाल्ट, ब्रेशिया आणि टफ या खडकांचे थर. बेसाल्ट स्वतःच्या पायावर उभा राहतो आणि मशीन उघडे पळवण्याचा मोह होतो. टफ ओला झाला की कटरहेडला लेपासारखा चिकटतो. वर गिरगाव, काळबादेवीच्या जुन्या इमारती. पोर्तोचा प्रश्न इथे रोजचा होता. हे काम निभावले, त्यात मशीनइतकाच त्या माणसांचा वाटा आहे, आणि उद्घाटनाच्या भाषणांत त्यांचा उल्लेख फारसा झाला नाही याचे वाईट वाटते.

किनारी रस्त्यावर ‘मावळा’ आले, १२.१९ मीटर व्यासाचे स्लरी मशीन, त्या वेळी देशातले सर्वांत मोठे. जानेवारी २०२१ मध्ये प्रियदर्शिनी पार्ककडून निघून वर्षभरात ते गिरगावला पोहोचले. पुण्यात मुठेखालून मेट्रोची भुयारे गेली. प्रत्येक ठिकाणी आधीच्या कामावरची माणसे नव्या कामावर गेली, आणि प्रशिक्षण म्हणजे व्यवहारात तेवढेच राहिले : अनुभवी माणसांचे स्थलांतर.

कोलकात्यात ३१ ऑगस्ट २०१९ ला याची मर्यादा दिसली. बऊबाजारच्या दाट वस्तीखाली मशीनने पाण्याच्या साठ्याला हात घातला. पाणी आणि वाळू भुयारात येत राहिली, वरची जमीन बसली, घरे कोसळली, शेकडो रहिवाशांना रातोरात हलवावे लागले. ते मशीन तिथेच अडकले आणि तुकडे करून काढावे लागले. उरलेले भुयार दुसऱ्या मशीनने उलट बाजूने येऊन खोदले. त्याच मार्गावर हुगळीखालचे भुयार २०१७ मध्ये निर्विघ्न झाले होते. नदी सुखरूप पार झाली आणि संकट आले ते वस्तीखाली, हे प्रशिक्षणाच्या वर्गात सांगायलाच हवे.

कायदा या सगळ्याच्या मागे राहिला आहे. भुयारकामाची भारतीय सुरक्षा संहिता १९७८ ची आणि हवेच्या दाबाखालील कामाची १९७७ ची. त्या आल्या तेव्हा देशात बंद तोंडाचे टीबीएम नव्हते. बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ मध्ये आणि त्याचे केंद्रीय नियम १९९८ मध्ये आले. त्यांत खोदकाम आणि भुयारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. क्रेनसारखी ओझी उचलणारी यंत्रे चालवणाऱ्याची पात्रता त्या नियमांत वेगळी सांगितली आहे, टीबीएमच्या ऑपरेटरची नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि जुना कायदा त्यांत विलीन झाला. टीबीएमची पात्रता ठरवायची तर ती संधी आता, नियम आणि मानके नव्याने घडत असताना आहे.

बुलेट ट्रेनच्या वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा या २१ किलोमीटरच्या भुयारात १६ किलोमीटर टीबीएमने खोदायचे आहे आणि सात किलोमीटर ठाणे खाडीखालून जाणार आहे. मशीन १३ मीटरहून मोठी आहेत. खाडीखाली कटर झिजले तर ते बदलायला माणसांना दाबाखालच्या चेंबरमध्ये शिरावे लागू शकते. ब्रिटिश नियमांत साध्या हवेवर सुमारे साडेतीन बारपर्यंतच (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) काम करू देतात. त्यापुढे पाणबुड्यांसारखे मिश्र वायू लागतात. दाब किती ठेवायचा, तो कसा धरायचा आणि आतल्या माणसांना बाहेर कधी काढायचे, या वेळी केबिनमध्ये बसलेल्या ऑपरेटरच्या हातात आत गेलेल्या सहकाऱ्यांचे प्राण असतात. त्याला आणि त्या सहकाऱ्यांना एकत्र शिकवणारा, लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिक घेणारा, देशभर मानला जाणारा अभ्यासक्रम ही मशीन खाडीखाली पोहोचण्याआधी उभा राहायला हवा.