सोड्याच्या बाटलीतलं द्राव्य

द्रावक (ज्यात विरघळतं ते) आणि द्राव्य (जे विरघळतं ते) म्हटलं की शाळेपासून आठवतं ते पाणी आणि मीठ, नाहीतर साखर. त्यामुळे द्राव्य म्हणजे पांढरी पूडच, अशी समजूत होऊन बसते. पण वायूही पाण्यात विरघळतो. हे नीट उलगडण्यात सोड्याच्या धंद्याचाही हात आहे, आणि पुस्तकं नेमकी ही गोष्ट गाळतात.

१७६७ साली इंग्लंडमधल्या लीड्सला जोसेफ प्रीस्टली हे धर्मोपदेशक बिअरच्या कारखान्याशेजारी राहत होते. आंबणाऱ्या पिंपांवर एक जड वायू साचून राही. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. त्या थरात त्यांनी पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून पाहिलं, तर पाण्याला चुणचुणीत, आंबट चव आली. १७७२ मध्ये त्यांनी कृती छापली. या पाण्याने खलाशांचा स्कर्व्ही बरा होईल अशी त्यांना आशा होती. ती फोल होती, कारण त्या रोगाचं मूळ क जीवनसत्त्वाच्या अभावात आहे.

प्रीस्टलींनी यातून पैसा केला नाही. तो केला जिनिव्हाच्या याकोब श्वेपे यांनी. पंपाने दाब देऊन वायू पाण्यात मुरवण्याचा व्यवसाय त्यांनी १७८३ मध्ये सुरू केला आणि १७९२ मध्ये ते लंडनला आले. मँचेस्टरचे औषधविक्रेते थॉमस हेन्रीही असं पाणी बनवत. त्यांचे चिरंजीव विल्यम यांनी १८०३ मध्ये नियम मांडला: तापमान तेच ठेवलं, तर वायूचा दाब जितका वाढवाल त्या प्रमाणात तो जास्त विरघळतो. साखरेला हे लागू नाही. तिला कितीही दाबा, फारसा फरक पडत नाही.

आपल्याकडची गोटी सोड्याची बाटली याच दाबावर चालते. हायरम कॉड या इंग्रजाने १८७० च्या दशकात तिचं पेटंट घेतलं. बाटली उलटी धरून भरतात, आतला वायू गोटीला तोंडाच्या रबरी कड्यावर दाबून धरतो; बूच लागतच नाही. गोटी आत ढकलली की दाब उतरतो आणि वायू फसफसत बाहेर पडतो.

तापमानाचा हिशोबही साखरेच्या उलट. गरम चहात साखर जास्त विरघळते, पण वायू थंड पाण्यात जास्त टिकतो: साध्या हवेच्या दाबाइतक्याच दाबाचा नुसता कार्बन डायऑक्साइड असेल, तर शून्य अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ३.३ ग्रॅम, वीस अंशाला जेमतेम १.७. सोडावाला बाटल्या बर्फात ठेवतो त्याचं निम्मं कारण हेच. कोमट बाटली उघडली की वायू भसकन उडून जातो आणि ग्लासात पाणचट सोडा पडतो.