बांध कोणी राखायचा? नवी मुंबईच्या खाडीकाठाची पार्श्वभूमी

ओहोटीच्या वेळी बेलापूरच्या खाडीवर गेलात, तर तिवरांच्या बुंध्याभोवती चिखलातून बोटभर उंचीचे कोंब वर आलेले दिसतात. ती तिवराची मुळे. चिखलात हवा नसते, म्हणून ती श्वास घ्यायला वर येतात. एकाच जागी राहायचे, तर त्या जागेशी असे जुळवून घ्यावे लागते. इथल्या आगरी-कोळी गावांनीही तेच केले होते.

खाडीला मातीचा बांध घालायचा आणि बांधात उघाडी, म्हणजे एकाच बाजूला उघडणारे झडपेचे दार, ठेवायची. भरतीचे पाणी दाबले की उघाडीची झडप मिटते. ओहोट लागली की शेतात साचलेले पावसाचे पाणी तीच झडप ढकलून खाडीत जाते. पहिल्या पावसांनी जमिनीतले मीठ धुऊन निघाले की भात पेरायचा. सगळा जीव बांधावर. चिंबोरीच्या बिळातून पाणी झिरपू लागले आणि कोणी पाहिले नाही, तर बांधाला खांड पडते आणि एका रात्रीत साऱ्यांचे शेत खारावते. म्हणून बांध हे गावाचे काम होते. यात भाबडे निसर्गप्रेम शोधू नये. उद्याचा भात बुडेल ही धास्ती होती, आणि मला ती अधिक भरवशाची वाटते. 1948 मध्ये खारजमिनींचा, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या जमिनींचा, कायदा आला, तेव्हापासून या कामात सरकारही उतरले.

मग 1970 साली नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले. ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या, सुमारे 344 चौरस किलोमीटरचा प्रदेश. 1984 च्या जानेवारीत या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. भूखंड मिळाला, पण शेत गेले आणि शेताबरोबर बांधाची राखणही गेली.

पाणी मात्र होते तिथेच राहिले. म्हणून शहर आखणाऱ्यांनाही सखल भागात भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवणारे धारण तलाव आणि झडपांची दारे करावी लागली. तत्त्व उघाडीचेच. फरक इतकाच की आता दार अडकले तर कोणाच्याही ताटातला भात जात नाही. पुढे या तलावांत गाळ साचला, तिवरे उगवली. तिवरे तोडायला न्यायालयाची मनाई, त्यामुळे गाळ काढणेही अडून राहिले.

बाहेरून आलेल्यांना इथल्या मातीची चाड नसते, असे म्हणतात. मी स्वतः नोकरीपायी इथे आलो, त्यामुळे हे मला लागते आणि पटतही नाही. ठाणे खाडीतले रोहित पक्षीही (फ्लेमिंगो) मुक्कामालाच येतात. 2022 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने काही रोहितांना उपग्रह-टॅग लावले. त्यांतले काही गुजरातकडे जाऊन पुन्हा याच खाडीत उतरले. 2015 मध्ये अभयारण्य झालेल्या या खाडीला 2022 मध्ये रामसर, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय, दर्जाही मिळाला. पाणथळ जागा बुजवू नका म्हणून उभे राहणाऱ्यांत आमच्यासारखे फ्लॅटवालेही आहेत.

पण पाणी बिघडले की ते आधी कळते दिवाळे कोळीवाड्यातल्या होडीवर. जाळ्यात कोलंबीऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या येतात, आणि त्या निवडत बसणाऱ्या हातांची रोजची कमाई तेवढी कमी होते.