दाराच्या कडेचा फुगा पुन्हा का येतो?

किनाऱ्यावरच्या गाडीला गंज कुठे धरतो हे पाहायचं असेल तर छताकडे किंवा बॉनेटकडे पाहून उपयोग नाही. खाली वाकून दाराची तळाची कड पाहा, चाकावरच्या कमानीची आतली बाजू पाहा, डिकीच्या झाकणाची खालची घडी पाहा. सुरुवातीला रंगाखाली मोहरीएवढा फुगा दिसतो. नखाने दाबला की फुटतो आणि आतून तपकिरी पाणी येतं. गॅरेजमध्ये ग्राइंडर फिरतो, लांबी (पुटी) भरतात, वॉटर पेपर मारतात, रंग बसतो आणि गाडी नव्यासारखी होऊन घरी येते. पुढचा पावसाळा सरतो आणि त्याच दारावर, त्याच जागी फुगा पुन्हा उभा असतो. आता रंगारी म्हणतो, "काका, पत्रा आतून गेलाय." विक्रेत्याकडे तक्रार केली तर उत्तर मिळतं, "समुद्राजवळ राहता ना, मग होणारच."

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत हे उत्तर ऐकलेली माणसं जागोजागी भेटतील. हप्ते अजून फिटायचे आहेत आणि दाराला भोक पडलंय, अशा माणसाचा संताप मला पूर्णपणे रास्त वाटतो. कारण ते उत्तर अर्धंच खरं आहे. खारा वारा तर सगळ्या गाडीला लागतो. मग छत शाबूत आणि दाराची कड कुजलेली, असं का?

आधी मिठाचं पाहू. लाट फुटते तेव्हा पाण्यात हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात. ते पृष्ठभागावर येऊन फुटले की खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर आत येतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून थेंब वाटेत सुकला तरी मिठाचा कण उरतोच. मोठे कण किनाऱ्यालगतच्या काहीशे मीटरमध्येच खाली बसतात, त्यामुळे पुळणीला लागून असलेल्या वाडीत आणि घाटाखालच्या गावात गंजण्याच्या वेगात मोठा फरक पडतो.

हे मीठ स्वतः ओलं राहतं. शुद्ध सोडियम क्लोराइड हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतली वाफ ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी सोडायला लागतं. मीठागरातलं जाडं मीठ पावसाळ्यात बरणीत पाझरतं ते यामुळेच. कोकणातली हवा मे महिन्याच्या दुपारीही क्वचितच इतकी कोरडी होते. म्हणजे पत्र्यावर बसलेला मिठाचा थर आपल्याला कोरडा वाटला तरी त्याच्याखाली पाण्याचा पातळ पापुद्रा बराच काळ टिकून असतो. रात्री दव पडलं की तो आणखी वाढतो. गंजायला पाऊस लागतोच असं नाही.

उलट पाऊस काही प्रमाणात मदतच करतो. उघड्या पृष्ठभागावरचं मीठ तो धुऊन नेतो. छत आणि बॉनेट शाबूत राहण्याचं हे एक कारण. जिथे मीठ पोचतं पण पावसाची धार पोचत नाही, अशा आडोशाच्या जागा सर्वांत जास्त गंजतात. दाराची खालची कड आणि कमानीची आतली बाजू नेमक्या अशा जागा आहेत.

आता दार कसं बनतं ते पाहायला हवं, कारण खरी मेख तिथे आहे. दार म्हणजे दोन पत्रे असतात. बाहेरचा गुळगुळीत पत्रा आतल्या पत्र्याच्या कडेवरून दुमडून चेपलेला असतो, त्यामुळे खाली लोखंडाच्या तीन थरांची घडी तयार होते. कारखान्यात गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या संरक्षक लेपाचा, थर चढवतात. हा थर साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि उघड्या पत्र्यावर तो उत्तम बसतो. पण चेपलेल्या घडीच्या अगदी आत तो नीट पोचत नाही. तिथे चिकटद्रव्य, कडेचं सीलर आणि आतून फवारलेलं मेण यांच्यावर भिस्त असते. सीलरमध्ये कुठे बारीक फट राहिली किंवा मेण कमी पडलं, तर त्या घडीत पाणी शिरतं आणि बाहेर येत नाही.

दारात पाणी जातं हा दोष नव्हे. काचेच्या रबरातून थोडं पाणी आत उतरणार हे धरूनच दाराच्या तळाला निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. आपल्याकडे जांभ्याचा लाल चिखल, सुरूच्या काड्या आणि पालापाचोळा यांनी ती बुजतात. मग दाराच्या तळाशी खारट चिखलाचं डबकंच साठतं.

अशा फटीत लोखंड इतकं वेगाने का सडतं, हे केंब्रिजच्या उलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात एका साध्या थेंबाने दाखवून दिलं. गंज विषयाच्या आधुनिक अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव पहिलं घेतलं जातं. घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि त्यात रंग बदलणारी दोन रसायनं मिसळायची. काही वेळाने थेंबाचा मध्य निळा होतो आणि कडा गुलाबी. निळा रंग सांगतो की तिथे लोखंड विरघळतंय. गुलाबी रंग सांगतो की तिथे हवेतला ऑक्सिजन आणि पाणी मिळून अल्कली तयार होतेय. थेंबाच्या कडेला ऑक्सिजन सहज मिळतो, मध्यभागी तो कमी पडतो, आणि लोखंड खाल्लं जातं ते जिथे ऑक्सिजन कमी आहे तिथे! मधल्या लोखंडाने सोडलेले इलेक्ट्रॉन धातूतून कडेकडे वाहतात. थेंबाएवढी बॅटरीच ती, आणि मीठ त्या पाण्याला वीजवाहक बनवून तिचा वेग वाढवतं.

दाराची घडी म्हणजे हाच प्रयोग, फक्त वर्षानुवर्षं चालणारा. फटीच्या तोंडाशी ऑक्सिजन आहे, आत नाही. आतलं लोखंड विरघळतं, त्याच्या ओढीने मिठातलं क्लोराइड फटीत खोल शिरतं आणि तिथलं पाणी आम्लधर्मी होत जातं. आम्लात लोखंड आणखी विरघळतं. त्यात गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत भरतं, म्हणून घडी आतून उकलते, सीलर फाटतं आणि रंग उचलला जातो. आपल्याला फुगा दिसतो तेव्हा आतलं काम बरंच पुढे गेलेलं असतं. रंगाऱ्याचं "आतून गेलाय" हे निदान अचूक असतं. अडचण उपचारात आहे, कारण तो बाहेरून होतो.

रंग लावला म्हणजे पाणी अडलं असं आपण धरून चालतो. केंब्रिजमध्येच काम करणाऱ्या मेन यांनी १९५०च्या सुमारास दाखवलं की बहुतेक रंगांच्या थरातून पाणी आणि ऑक्सिजन पुरेशा प्रमाणात आरपार जातात. रंगाचा मोठा उपयोग असा की तो क्षारांच्या आयनांची, म्हणजे विरघळलेल्या विद्युतभारित कणांची, ये-जा अडवतो आणि त्यामुळे ती बॅटरी चालू होऊ देत नाही. पण मीठ आधीच रंगाखाली राहिलं असेल तर? मग रंगाचा थर चाळणीसारखा वागतो. पाणी आत येतं, मीठ बाहेर जाऊ शकत नाही. आतलं पाणी खारट आणि बाहेरचं गोडं, त्यामुळे परासरणाच्या दाबाने बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. बाहेरचं पाणी जितकं गोडं तितकी ही ओढ जास्त, आणि पावसाचं पाणी तर जवळजवळ मीठविरहितच. दुरुस्त केलेला फुगा पावसाळ्यातच का तरारतो, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

किती मीठ पुरतं? जहाजाच्या टाक्या रंगवण्याआधी पत्र्यावरचं विद्राव्य मीठ मोजतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००६ साली मान्य केलेल्या निकषात ही मर्यादा दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम आहे. तळहाताएवढ्या जागेसाठी हे झालं अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे जेमतेम आठ-दहा कण. गाडीच्या दाराबाबत अशी मोजणी आपल्याकडच्या कुठल्या गॅरेजात होताना मी पाहिलेली नाही. ग्राइंडर फिरवल्यावर पत्रा चकाकतो, पण खड्ड्यांच्या तळाशी क्लोराइड उरतंच. खाऱ्या हवेत तयार होणाऱ्या गंजात अ‍ॅकागानाइट नावाचं एक खनिज असतं. त्याच्या स्फटिकाच्या रचनेतच क्लोराइड अडकून बसतं आणि हळूहळू बाहेर पडत राहतं. समुद्राच्या तळातून वर काढलेल्या लोखंडी तोफा संग्रहालयात ठेवण्याआधी दीर्घकाळ अल्कलीच्या द्रावणात बुडवून ठेवतात, त्या हे मीठ काढण्यासाठीच.

ग्राइंडर आणखी एक नुकसान करतो. बऱ्याच आधुनिक गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा थर असतो, साधारण ७ ते १० मायक्रॉनचा. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजतं आणि ओरखडा पडला तरी लोखंडाला वाचवतं. ग्राइंडरची चकती हा थर क्षणात उडवते. गॅसने तुकडा जोडला तर उष्णतेने आजूबाजूचंही जस्त जातं. मग त्या उघड्या लोखंडावर थेट लांबी भरली जाते. लांबीत भुकटी असते, ती ओल धरते. पत्रा पहिल्यापेक्षा जास्त असुरक्षित होऊन घरी येतो, आणि म्हणून दुसरा फुगा पहिल्यापेक्षा लवकर येतो.

बाजारात मिळणाऱ्या 'रस्ट कन्व्हर्टर'बद्दल लोक विचारतात. त्यातल्या काहींत टॅनिन असतं. आपल्या हिरड्यात असतं तेच. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई जशी बनते तसाच काळा, स्थिर लोहसंयुगाचा थर गंजावर तयार होतो. वरवरच्या गंजाला तो चालतो. घडीच्या आत तो पोचत नाही आणि खालचं मीठही काढत नाही.

आता त्या "होणारच" कडे वळतो. थंड देशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात. तिथल्या गाड्याही एके काळी अशाच सडत. ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या, कायद्याचा आणि स्पर्धेचा दाब आला, आणि कंपन्यांनी पत्रा बदलला. पोर्शेने १९७०च्या दशकाच्या मध्यालाच ९११चा सांगाडा जस्तलेपित पत्र्याचा केला. पुढे अनेक कंपन्यांनी तेच केलं आणि पत्र्याला आतून भोक पडण्याविरुद्ध कित्येक वर्षांची हमी देऊ लागल्या. समुद्र किंवा मीठ आहे म्हणून गाडी सडलीच पाहिजे असा निसर्गाचा नियम नाही. किती जस्त घालायचं, घडी कशी बंद करायची, मेण किती फवारायचं हे निर्णय माणसं घेतात, आणि त्यात वाचवलेला पैसा किनाऱ्यावरचा ग्राहक भरतो.

चाचण्यांचाही प्रश्न आहे. गंजाची सर्वांत जुनी प्रमाणित चाचणी १९३९ सालची: ३५ अंश सेल्सिअसला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा अखंड फवारा. अभियंते आज तिच्यावर एकटीवर विसंबत नाहीत, कारण खऱ्या हवेत पत्रा कधी ओला होतो, कधी सुकतो, आणि हे ओलं-सुकं चक्रच जास्त घातक ठरतं. चक्रीय चाचण्या आता उपलब्ध आहेत. गाडी घेताना निदान एवढं विचारावं की कोणकोणते पत्रे जस्तलेपित आहेत आणि गंजाची हमी कशाला लागू आहे. बऱ्याच हमींत आतून बाहेर भोक पडलं तरच दावा धरतात, रंगाखालचा फुगा धरत नाहीत. म्हणून पहिला फुगा दिसताच त्याचे फोटो काढावेत, जॉब कार्डवर जागा नेमकी लिहून घ्यावी आणि हमीची मुदत संपण्याची वाट पाहू नये. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जाता येतं, आणि तिथे असे कागदच उपयोगी पडतात.

दुरुस्ती करायची तर दाराचं आतलं आवरण उघडून आतूनही पाहायला लावावं. घडीच गेली असेल तर लांबी भरण्यात पैसे घालू नयेत, बाहेरचा पत्रा किंवा अख्खं दार बदलणं शेवटी स्वस्त पडतं. पत्रा वाचण्यासारखा असेल तर खरवडल्यावर गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुणं, पूर्ण सुकवणं, मग उघड्या लोखंडावर आधी इपॉक्सी प्रायमर, लांबी त्याच्यावर, कडेला सीलर आणि रंग पक्का झाल्यावर आतून पोकळीत मेण. क्रम महत्त्वाचा आहे. खालून जाड रबरी कोटिंग मारून घेण्याची घाई करू नये, कारण आधीच गंज असेल तर ते ओल आत कोंडतं.

रोजच्या वापरात सर्वांत मोठा फरक धुण्याने पडतो. दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून आल्यावर, पुळणीवर गाडी नेली असेल तर, किंवा मासळीच्या टेम्पोत बर्फाचं खारट पाणी पाझरलं असेल तर त्याच दिवशी खालून आणि कमानीच्या आतून धुवावं. पाणी मात्र गोडं हवं. किनाऱ्यालगतच्या काही विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्या पाण्याने गाडी धुतली तर मीठच चढतं. ओल्या गाडीवर कव्हर घालू नये, वाऱ्याला उभी करून सुकू द्यावी. आणि धुतल्यावर प्रत्येक दार उघडून तळाकडे पाहावं. भोकांतून पाणी ठिबकत असेल तर ठीक. ठिबकत नसेल तर प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने ती मोकळी करावीत, लोखंडी तारेने नव्हे, कारण तार भोकाच्या कडेचा रंग खरवडते आणि पुढचा फुगा तिथून सुरू होतो.