शटडाउन आणि आरोग्यसंशोधन (अमेरिका)

अमेरिकेच्या संघराज्य सरकारचे आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होते. तोपर्यंत काँग्रेसने (तिथल्या संसदेने) 12 खर्चविधेयके किंवा जुनाच खर्च चालू ठेवणारा तात्पुरता ठराव मंजूर केला नाही, तर तरतूद संपलेल्या खात्यांची बहुतेक कामे थांबवावी लागतात. याला शटडाउन, म्हणजे सरकारी कामकाजाची बंदी, म्हणतात. भारतात राज्यघटनेच्या अनुच्छेद 116 मधील लेखानुदानाची (अर्थसंकल्प मंजूर होईपर्यंतच्या खर्चाला आगाऊ मंजुरीची) सोय आहे आणि लोकसभेत अर्थसंकल्प फेटाळला गेला तर सरकारच पडते. त्यामुळे असा पेच येत नाही.

बंदीचे मूळ 1884 च्या कायद्यात आहे. तरतुदीविना खर्च करण्यास आणि कर्मचाऱ्यांकडून फुकट काम करून घेण्यासही त्यात मनाई आहे. सक्तीच्या रजेवरचा शास्त्रज्ञ हौसेनेही प्रयोगशाळेत काम करू शकत नाही, तो यामुळे. 1980 मध्ये महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी कायद्याचा कठोर अर्थ लावला. त्याआधी तरतूद संपली तरी कार्यालये बहुधा चालूच असत. सूट फक्त जीवित व मालमत्तेच्या रक्षणाला, आणि 1990 च्या दुरुस्तीनंतर तीही धोका तातडीचा असेल तरच. सार्वजनिक आरोग्याची गोची इथे होते: धोका तातडीचा होऊच न देणे हे तर त्या खात्याचे काम.

2013 च्या 16 दिवसांच्या बंदीत हे स्पष्ट दिसले. रोगनियंत्रण केंद्राचे (सीडीसी) सुमारे दोन-तृतीयांश कर्मचारी घरी होते आणि फ्लूचा साप्ताहिक अहवाल हंगामाच्या तोंडावरच थांबला. त्याच सुमारास कोंबडीच्या मांसातून साल्मोनेला या जिवाणूची साथ पसरत होती. राज्याराज्यांतल्या प्रयोगशाळा रुग्णांकडून मिळालेल्या जिवाणूचे डीएनए-ठसे ‘पल्सनेट’ या जाळ्याकडे पाठवतात. दूरदूरच्या रुग्णांचे ठसे जुळले की साथ एकच असल्याचे कळते. ठसे जुळवणारेच रजेवर असल्याने सीडीसीला काही जणांना परत बोलवावे लागले.

बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या (एनआयएच) रुग्णालयात आधीच दाखल झालेल्यांचे उपचार चालू राहिले, पण नव्या रुग्णांना काही अपवाद वगळता प्रवेश नव्हता. दर आठवड्याला सुमारे 200 जण, त्यांत 30 च्या आसपास मुले, बाहेर राहतील असा संस्थेचा अंदाज होता. उंदरांना खाणेपाणी मिळते, गोठवलेल्या पेशींच्या टाकीत द्रव नायट्रोजनही भरला जातो. प्रयोग मात्र थांबतो. ठरावीक वयाच्या उंदरावर करायची चाचणी तीन आठवडे हुकली, तर ती तुकडी बाद करून नव्याने पैदास करावी लागते.

विद्यापीठांचे चालू अनुदान लगेच बुडत नाही, कारण ते आधीच मंजूर होऊन त्यांच्यासाठी राखून ठेवलेले असते. घाव बसतो तो वेळापत्रकावर. नव्या अर्जाची आधी तज्ज्ञ समितीत छाननी होते, मग तो सल्लागार मंडळापुढे जातो, आणि अशा फेऱ्या वर्षाला तीनच. 2013 मध्ये 200 हून अधिक छाननी बैठका रद्द झाल्या, 11,000 हून अधिक अर्ज अडकले. ते पुढच्या फेरीत ढकलायचे आधी ठरले. ओरड झाल्यावर बैठका घाईने पुन्हा लावल्या गेल्या. ज्याचे जुने अनुदान याच काळात संपते, त्याच्या साहाय्यकांच्या पगाराचा प्रश्न उभा राहतो.

कोणते खाते बंदीच्या कचाट्यात सापडेल हे कोणते विधेयक अडले यावर ठरते. डिसेंबर 2018 ते जानेवारी 2019 मधील 35 दिवसांत एनआयएच व सीडीसी यांची तरतूद आधीच झाली होती, म्हणून त्या वाचल्या. अन्न व औषध प्रशासनाचा (एफडीए) निधी मात्र कृषी विधेयकात असतो. ते अडले आणि अन्नकारखान्यांच्या नेहमीच्या तपासण्या थांबल्या. पुढे जास्त जोखमीच्या पदार्थांसाठी निरीक्षकांना पगाराविना कामावर बोलवण्यात आले. जुन्या औषध-अर्जांचे काम कंपन्यांनी आधी भरलेल्या शुल्काच्या शिल्लकीवर चालले, पण नवे शुल्क घेण्याचा अधिकार नसल्याने शुल्क लागणारे नवे अर्ज स्वीकारता येत नव्हते. 1 ऑक्टोबर ते 12 नोव्हेंबर 2025 ही 43 दिवसांची बंदी मात्र तिन्ही संस्थांना भोवली.

सरकारी कर्मचाऱ्यांना थकलेला पगार नंतर देण्याचा कायदा 2019 मध्ये झाला. कंत्राटी कामगार त्यात येत नाहीत.