निऑन टेट्रा पेटत नाही

सकाळी सहाला वहिनींचा फोन. "भाऊजी, मासे आजारी पडलेत. निळा पट्टा पार काळपट-जांभळा झालाय." टाकी मीच आणून दिलेली, त्यामुळे आरोपी मी. म्हटलं, दिवा चालू ठेवा आणि चहा घ्या. चहा संपेपर्यंत मासे पुन्हा निळे!

दुकानदाराने सांगितलं होतं, "याच्या अंगातच लाइट आहे." शिवाय वास्तुदोष जातो म्हणून नऊच घ्यायला लावले. वास्तूचं राहू द्या. टेट्रा थव्याने राहणारा मासा, तेव्हा एकदोनाऐवजी नऊ आले हे माशांच्याच पथ्यावर पडलं.

निऑन टेट्रा हा पेरू, कोलंबिया आणि ब्राझीलमधल्या ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला, जेमतेम तीन सेंटिमीटरचा मासा. 1936 साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. शेपटीकडचा लाल भाग रंगद्रव्याचा. निळ्या पट्ट्यात मात्र निळा रंग औषधालाही नाही, आणि स्वतःचा प्रकाशही नाही. अंधारात मासा दिसतच नाही.

त्या पट्ट्याच्या पेशींत ग्वानिनचे (हो, डीएनएमधलंच) पातळ पारदर्शक पत्रे ओळीने उभे असतात, मध्ये पेशीद्रवाची फट. प्रत्येक पत्र्यावरून थोडा प्रकाश परततो. पत्रा आणि फट, प्रत्येकाची जाडी गुणिले अपवर्तनांक (त्यात प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा), यांची बेरीज ज्या तरंगलांबीच्या निम्मी भरते, तो रंग उठून दिसतो. बेरीज 245 नॅनोमीटर असेल तर 490, म्हणजे निळा-हिरवा. 210 झाली की 420, म्हणजे जांभळा.

पण ही बेरीज बदलते कशी? फळीवर थोडं अंतर सोडून पुस्तकं उभी करा आणि सगळी एकाच बाजूला कलंडू द्या. बूड जागचं हलत नाही, पुस्तकाची जाडी तीच, तरी मधली फट अरुंद होते. टेट्राचे पत्रे असेच कलतात, खिडकीच्या व्हेनेशियन ब्लाइंडसारखे. पेशीत पाणी शिरून फटी रुंदावतात, असाही एक तर्क होता; 2011 साली जपानी संशोधकांनी मोजमापं घेऊन कलण्याच्या बाजूने कौल दिला. उजेडात पत्रे ताठ, अंधारात कललेले. वहिनींनी दिवा लावला तेव्हा ते अजून कललेलेच होते.

आता वहिनी रोज रात्री मुद्दाम दिवा लावून शेजारच्या पोरांना "मासे उठताना" दाखवतात. मासे बिचारे दचकून कोपऱ्यात गोळा होतात.